रोजच्या ड्युटीवरची जीप: 3,140 किमी आणि एक उलटी पाचर

जीप ऑफिसला न्यायला लागल्यापासून आज 3,140 किमी झाले. कोल्हापूर ते कागल पंचतारांकित एमआयडीसी, जाऊन-येऊन 42 किमी, आठवड्यातले सहा दिवस. मागची नोंद लिहिली तेव्हा गाडी उसाच्या सरीतल्या चिखलात नाद खुळा चालत होती आणि हायवेवर गोकुळ शिरगावच्या पुढं न्यायची माझी छाती होत नव्हती.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. 1993 ची महिंद्राची एमएम 540 जीप, इंजिन 2,112 सीसीचं प्यूजो डिझेल. चेसिस आणि इंजिन आरसीच्या कागदावर आहे तेच, मूळचंच. बाकी सगळं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुटं करून परत उभं केलं. तेव्हा डोक्यात फक्त ऑफरोडिंग होतं. म्हणून लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चेसिसला जोडणारी कडी) लावून गाडी उचलली, 31 इंची मड टायर घातले आणि पुढं लोखंडी बंपर ठोकला, ज्याला म्हैस धडकली असती तर म्हशीची दया आली असती. गेल्या चार महिन्यांत यातलं जवळपास सगळं मीच काढून टाकलंय.

आधी स्टिअरिंग, कारण खरा जीव त्यातच अडकला होता. ताशी 55 च्या आसपास रस्त्याचा एखादा सांधा नाहीतर खड्डा लागला की पुढची चाकं अशी थरथरायची की हातातलं चक्र दिसेनासं व्हायचं. ब्रेक मारून 20 वर आणल्याशिवाय थांबायचं नाही. मी व्हील बॅलन्सिंग केलं, मग टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं बदलली, मग स्टिअरिंगचे झटके जिरवणारा डँपर लावला. डँपरनं महिनाभर बरं वाटलं, पण तो दुखणं झाकतो, बरं करत नाही. तो सगळ्यात शेवटी लावायची वस्तू आहे हे मला 2,400 रुपये घालवल्यावर कळलं.

मग नीट जॅकवर घेतली. टाय रॉड सोडून एकेक चाक वर-खाली धरून हलवलं, तर डाव्या बाजूला खटखट. किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटावर डावी-उजवीकडं वळतं त्याची, बेअरिंग. खालच्या बेअरिंगच्या कपावर रोलरचे खळगे पडले होते, नखाला लागतील असे. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली. शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, किती ठेवायच्या ते हातानं कळत नाही, म्हणून भंगारवाल्याकडून ताणकाटा मागून आणला, नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) आर्मला अडकवला आणि दोन्ही बाजूंना सारखा जोर लागेपर्यंत शिम काढत गेलो. हे सील बसवायच्या आधी करायचं, नाहीतर सीलचं घर्षणही काट्यावर येतं.

एवढं करूनही 60 ला थोडी थरथर उरलीच. कारण कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागं झुकलेला असतो तो कोन. आपल्या जीपला पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली येतं, अ‍ॅक्सल नाक खाली करून बसतो आणि किंगपिनचं वरचं टोक पुढं झुकतं. मोबाईलनं मोजलं तर कॅस्टर जेमतेम 1 अंश भरला, पाहिजे 3 च्या आसपास. उपाय जुनाच आहे: पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती पट्टी, म्हणजे सरळ भाषेत पाचर. उद्यमनगरातून दोन पाचरी करून आणल्या, शनिवारी रात्री यू-बोल्ट आवळले आणि रविवारी सकाळी निघालो. 40 लाच गाडी नाचायला लागली!

सोमवारी ज्या मामांनी पाचरी कापून दिल्या होत्या त्यांच्याकडं गेलो. त्यांनी गाडीखाली न जाताच वाकून बघितलं.

"भावा, जाड बाजू मागं घातलीस व्हय?"

तसंच झालं होतं. एमएम 540 मध्ये पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, तेव्हा जाड बाजू पुढं. अ‍ॅक्सलचं नाक उचलायचंय हे डोक्यात ठेवलं तर चूक होत नाही. कुणी पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले असतील तर बरोबर उलटं. मामांनी पैसे घेतले नाहीत, पण आता मी गेलो की दुकानातल्या पोरांना हा किस्सा ते पहिल्यापासून सांगतात.

पाचर सरळ केली, शॅकलही मूळ लांबीचे परत लावले. आता कॅस्टर 3 च्या जरा वर आहे. 75 ला हात सोडला तरी गाडी सरळ जाते. पाचरीमुळं पुढच्या शाफ्टचा कोन थोडा बिघडतो, पण पुढचे हब मोकळे, म्हणजे चाकं शाफ्टपासून सुटी, असली की तो शाफ्ट फिरतच नाही. रोजच्या गाडीला हब लॉक लावून घ्या, डिझेलही वाचतं.

टायरबद्दल माझ्याशी भांडणार हे माहीत आहे. 31 इंची काढून 215/75 आर 15 घातले. म्हणजे व्यास 787 मिमीवरून 703 वर आला. डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधला दात्यांचा संच) उघडलं होतं तेव्हा दाते मोजले होते, 39 आणि 8, म्हणजे गुणोत्तर 4.88. चौथ्या गिअरला 80 वर इंजिन आधी मिनिटाला साधारण 2,630 फेरे फिरायचं, आता 2,950. इंजिनाचा आवाज वाढला हे खरं. पण मड टायरची ती गिरणीसारखी घरघर गेली, पावसात ब्रेक मारल्यावर गाडी घसरायची थांबली आणि स्पीडोमीटर खरं बोलायला लागला. आधी तो 60 दाखवायचा तेव्हा मी 67 नं जात होतो. मोठे टायर रिमसकट माळ्यावर आहेत, रविवारपुरते उतरतात.

ब्रेकला पुढं बोलेरोच्या डिस्क, दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा बूस्टर. पेट्रोल गाडीवरून बूस्टर उचलणाऱ्यांनी लक्षात ठेवा, डिझेलला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही. अल्टरनेटरमागं व्हॅक्यूम पंप असलाच पाहिजे.

लोखंडी बंपर भंगारात गेला. डिसेंबर 2017 मध्येच केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं क्रॅश गार्डवर, म्हणजे असल्या जादा बंपरवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, आणि मला दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांना इंजिन बदलायचंय त्यांनी आधी परवानगी घ्या, मग पाना हातात धरा.

पावसानं मात्र हैराण केलं. काच दुमडायची चौकट जिथं टेकते तिथलं रबर कडक झालं होतं, त्यातून पाण्याची बारीक धार बरोबर उजव्या गुडघ्यावर. ऑफिसात रोज एक पाय ओला घेऊन जायचो. रबर बदललं, दोन बिजागऱ्यांखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या, आता फक्त तिरक्या पावसात दोन-चार थेंब. काचेवर वाफ धरते त्याला औषध नाही, डॅशवर जुना पंचा ठेवलाय. हेडलाइटला रिले घातले, तेव्हा कुठं दिवे पिवळ्याचे पांढरे झाले.

बायकोची मागणी एकच होती. "पाय ठेवायला पायरी कर, मग विंचचं बघू." पायरी झाली. विंचचं, म्हणजे अडकलेली गाडी ओढायच्या चरखीचं, अजून बघतोय.

राहिलं काय, तर हँडब्रेक. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडाला, आणि तिथलं ऑइल सील गळून लायनर तेलात भिजलेत. एक सांगून ठेवतो, हा ब्रेक शाफ्टला धरतो, चाकाला नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळं ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी सुटते. सील आणलंय, रविवारी शाफ्ट उतरवणार. तोवर सीटमागं बाभळीचा ठोकळा आहे, आणि कंपनीच्या उतारावर तो मागच्या चाकाला लावायचं काम वॉचमनकाका मी न सांगता करतात.