तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलला मराठीत काय म्हणायचं?

लोकांच्या मराठी मजकुरातल्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि फिरते मी सायकलवर. त्यामुळे ओळख झाली की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो: "सायकलला शुद्ध मराठी शब्द काय हो?" विचारणाऱ्याच्या ओठांवर तेव्हा बारीकसं हसू असतं. मी 'द्विचक्रिका' म्हणणार आणि मग आम्ही दोघं मिळून हसणार, अशी त्याची तयारी असते. मी म्हणते, "सायकल." बिचारा हिरमुसतो.

पण हे उत्तर मी आळसाने देत नाही. 'बायसिकल'मधला 'बाय' लॅटिन, दोन या अर्थाचा. पुढचा 'सायकल' ग्रीक 'कुक्लोस'वरून आला; कुक्लोस म्हणजे वर्तुळ, चाक. हा कुक्लोस आणि संस्कृतातलं चक्र एकाच मुळाचे. चक्राचं प्राकृतात चक्क झालं, मराठीत चाक. म्हणजे सायकल ही आपल्या चाकाची चुलतबहीण, फक्त दूरदेशी वाढलेली. पेडलचंही तसंच. लॅटिनमध्ये पायाला 'पेस', त्याची पुढची रूपं 'पेद्' धरून चालतात. संस्कृतात पाद, मराठीत पाय. 'पायडल' म्हणणाऱ्यांना हसणारे लोक मी पाहिलेत. त्या म्हणणाऱ्यांनी परका शब्द सरळ पायाला नेऊन बांधला, आणि नातं नेमकं तिथंच होतं! जर्मन माणूस सायकलला नुसतं 'राड' म्हणतो, म्हणजे चाक. आणि तो राड निघतो आपल्या रथाचा भाऊबंद. हे कळल्यापासून सायकलवर बसताना माझी पाठ जरा ताठ असते.

"मग दुचाकी का नको?" हा पुढचा प्रश्न. शब्द चांगला आहे, बायसिकलचा अर्थ जसाच्या तसा त्यात उतरलाय. पण त्याला मधल्या काळात इंजिन बसलं. आज 'दुचाकीस्वार' वाचल्यावर पायडल मारणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. जुन्या लिखाणात 'पायगाडी' भेटते. तो शब्द मला फार आवडतो, म्हणून काही मी तो दुसऱ्याच्या वाक्यात घुसडत नाही. एक असेल तर ती सायकल, चार असतील तर त्या सायकली. लिंगवचनाला इतकी सरावलेली पोर घरचीच म्हणायची.

मला गंमत वाटते ती क्रियापदांची. आपण सायकल 'चालवतो', म्हणजे तिला चालायला लावतो. 1817 साली कार्ल फॉन ड्राइसने जर्मनीत जे लाकडी यंत्र काढलं, त्याला हे क्रियापद अगदी चपखल बसलं असतं. त्याला दोन चाकं होती, पण पायडल नव्हतं. वर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पळायचं. नावही तसंच, 'लाउफमाशीन', पळायचं यंत्र. पुढच्या चाकाला पायडल आलं ते 1860च्या दशकात. साखळीने मागचं चाक फिरवणारी, आजच्या सायकलीसारखी दिसणारी, स्टार्ली नावाच्या इंग्रजाची 'रोव्हर' सायकल 1885ची. पाय जमिनीवरून सुटले त्याला दीडशे वर्षं होऊन गेली, पण मराठीत सायकल अजून चालतेच आहे.

बोलताना मात्र आपण ती 'मारतो'. टांग मारायची, पायडल मारायचं, ब्रेक मारायचा, एक चक्कर मारून यायचं. 'सायकल चालवत आले' या वाक्यात मी निवांत असते. 'सायकल मारत आले' म्हटलं की ऐकणारा आधी पाण्याचा पेला पुढे करतो. त्याहून जोर लागला तर दामटणे, हाणणे, आणि चढावर रेटणे. टांग, रपेट, स्वार हे सगळं घोड्याकडून आलेलं. घोडा गेला, त्याची भाषा सायकलीला मिळाली. 'पळवणे' मात्र मी जपून वापरते. 'त्याने मित्राची सायकल पळवली' असं छापून आलं, तर वेग वाढवला की चोरी केली, हे मित्रालाच विचारावं लागेल.

पंक्चर झालं की उरते ती चालढकल. आपण चालायचं, तिला ढकलायचं. कामं लांबणीवर टाकण्याला हा शब्द कसा मिळाला, ते भर उन्हात तासभर सायकल ढकलल्याशिवाय कळत नाही.

पंक्चर आपण 'काढतो'. खरं तर पंक्चर म्हणजे भोक, ते काढणार कसं? बुजवायला हवं. पण पायातला काटा काढतात तशी चाकातली पीडा काढायची, असा काहीतरी हिशेब बोलणाऱ्यांनी केला असावा. चाक डुगडुगायला लागलं की त्याचा 'आउट' काढतात. तारा कुठे आवळून, कुठे सैल करून ते पुन्हा सरळ फिरतं करतात. एकदा एका अनुवादात 'पंक्चर बुजवले' असं होतं. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, पण लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी चाक खोलून पाहिलं नाही हे कळत होतं. मी 'काढले' केलं.

पण सायकलवर बसून मराठीची श्रीमंती कळते ती तोल जाताना. झुकणे, कलणे, कलंडणे, लवंडणे. कोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ सांगत बसतात. हँडल हातात असताना त्यांच्यात हाताहाताचं अंतर असतं. वळणावर सायकल कलते, कलायलाच हवी. ताठ सायकल वळत नाही. अंगात वेग असेल आणि डावीकडे वळायचं असेल, तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं, त्याने सायकल डावीकडे कलते आणि मग चाक तिच्यामागे वळतं. हे आपण सगळे करतो, केल्याचं कुणालाच कळत नाही. कलणं हातात असतं. कलंडणं हातात नसतं. लवंडणं त्या मानाने सोज्वळ, उभ्या जागी, वेग नसताना होणारं. भिंतीला टेकवलेली सायकल लवंडते. आणि रस्त्याला वाळू असेल तर यातलं काहीच होत नाही, चाक घसरतं आणि आपण थेट आडवे.

त्या पडण्यालाही आपल्याकडे आवाजासकट शब्द आहेत. गर्रकन वळलो, झर्रकन पुढे गेलो, करकचून ब्रेक मारला, धाडकन आपटलो. चार शब्दांत अख्खा अपघात. हे दुसऱ्या भाषेत न्यायला गेलं की एकेका शब्दाला एकेक वाक्य खर्च होतं.

एक जागा मात्र मला अडवते. उतारावर पायडल थांबवायचं, मागच्या चाकातून कटकट असा बारीक आवाज येत राहतो, आणि सायकल आपली आपण जाते. याला काय म्हणायचं? मध्यंतरी एका कथेत वाक्य आलं, 'वळण संपल्यावर तिने सायकल सोडली.' मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'सोडली म्हणजे? टाकून दिली?' पान उलटलं, पुढच्या दोन ओळी वाचल्या, आणि मागे येऊन ते खोडलं. मीही उतारावर सोडतेच की.