खेपेचा पगार आणि खंबाटकीचा उतार

साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो, आणि त्यातच ते एस आकाराचं वळण. तिथे ट्रक उलटला की 'चालकाचा ताबा सुटला' एवढंच छापून येतं. ताबा का सुटला हे बघायचं तर चालकाला पैसे कशाचे मिळतात ते आधी विचारायला हवं.

बहुतेकांना खेपेवर मिळतात. शिवाय डिझेलचं ॲव्हरेज बरेच मालक ठरवून देतात. जास्त लागलं तर कपात, वाचलं तर चालकाचं. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल होते. गियर निघाला की इंजिनाचा अटकाव गेला, इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेकही कामाचा राहत नाही. तीन ॲक्सलच्या भरल्या ट्रकचं 28.5 टन वजन मग एकट्या चाकातल्या ब्रेकवर, म्हणजे ड्रम आणि त्याला घासणाऱ्या लायनरवर येतं. ड्रम तापून फुगतो, लायनर धरत नाही. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, सारखा मारून टाकीतली ती हवा उतरते ते वेगळंच. घाट ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरायचा, आणि तो गियर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. आणि वाचतं तरी काय? बीएस-6 गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल तोडतात, न्यूट्रलला मात्र इंजिन नुसतं चालू ठेवायचं डिझेल जळतच राहतं. मालकांनी हे चालकाला शेजारी बसून दाखवावं.

त्याहून मोठा धोका बिनपगारी थांबण्याचा. तासगावात द्राक्षं भरायला दोन तास उशीर झाला म्हणून वाशीचा सकाळचा बाजार थांबत नाही. ते दोन तास चालक झोपेतून कापतो. सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलं होतं. खेपेच्या हिशेबात तो अर्धा तास चालकाच्या खिशातून जातो.

अमेरिकेत जे. बी. हंट या ट्रक कंपनीने 1997 मध्ये चालकांचा मैलामागचा दर सुमारे एक तृतीयांशाने वाढवला. चालक टिकले, अपघात घटले.

आपल्याकडे सुरुवात बिल्टीपासून, म्हणजे मालासोबतच्या पावतीपासून करता येईल. गाडी दारात आली ती वेळ आणि भरून सुटली ती वेळ, दोन्ही लिहा. ठरल्यापेक्षा जास्त थांबवली तर तासाचा दर लावा आणि तो चालकाच्या हातात द्या. घाटमार्गाचं ॲव्हरेज सपाटीपेक्षा कमी धरा. उशीर माल भरणाऱ्याचा असेल तर पोहोचायची वेळही तेवढीच पुढे ढकला, आणि तसं व्यापाऱ्याला गाडी सुटतानाच फोन करून सांगा.