महापेला जाऊन आलो: ४० मिनिटांचा बिल्ड १२ मिनिटांवर

मागच्या आठवड्यात दोन दिवस नवी मुंबईत महापेला होतो. तिथल्या एका टीमचा सीआय बिल्ड (कोड बदलला की गिटहबवर आपोआप होणारी बांधणी आणि टेस्ट) ४० मिनिटं घ्यायचा, तो आटोक्यात आणायचा होता. अशाच कामाला कोणी निघणार असेल, तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

ठाण्याला ९ किंवा १० नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची. वाशी, नेरूळ, पनवेल, कुठलीही चालते. घणसोलीला उतरून रिक्षा. बिल्डचे लॉग, म्हणजे नोंदी, बघायची परवानगी मात्र आदल्या दिवशीच मागून ठेवा. माझी पहिली सकाळ त्यातच गेली.

टेस्ट हळू आहेत, असं सगळेच सांगत होते. तरी दुपारपर्यंत मी एकाही फाइलला हात लावला नाही. जुन्या रनचे, म्हणजे आधी चाललेल्या बिल्डचे, लॉग उघडून कुठे किती वेळ जातो ते वहीत मांडलं. टेस्टना १७ मिनिटं, डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेट) बनवायला १४ आणि ९ मिनिटं नुसती रनरची, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनची, वाट बघण्यात! एकाच पीआरवर (कोड मुख्य शाखेत घ्या, अशी विनंती) तीनदा नवा कोड पुश केला की तिन्ही रन शेवटपर्यंत चालायचे. नवा रन आला की जुना रद्द, अशी सेटिंग केली. ही सेटिंग डिप्लॉयच्या (नवा कोड सर्व्हरवर चढवायच्या) वर्कफ्लोला लावू नका, काम अर्ध्यात तुटेल.

खरी मेख डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बनवायच्या पायऱ्यांच्या यादीत, होती. आधी सगळा कोड कॉपी आणि मग एनपीएम सीआय (लागणारी पॅकेजेस इन्स्टॉल करणारी कमांड), असा क्रम. डॉकर प्रत्येक पायरीचा थर साठवतो, पण एक थर बदलला की त्यानंतरचे सगळे पुन्हा बनतात. म्हणजे रीडमीतला स्वल्पविराम हलला तरी सगळी पॅकेजेस नव्याने उतरणार. आता आधी फक्त पॅकेज आणि लॉक फाइल कॉपी होते, मग इन्स्टॉल, मग उरलेला कोड. पण तेवढ्याने भागत नाही. गिटहबचा रनर दर वेळी कोरा मिळतो, म्हणून थरांचा कॅशे, म्हणजे पुन्हा वापरायचा साठा, बाहेर ठेवावा लागतो. एका पीआरचा कॅशे दुसऱ्या पीआरला दिसत नाही, मेनचा, म्हणजे मुख्य शाखेचा, सगळ्यांना दिसतो. त्यामुळे मर्ज झाल्यावर मेनवर बिल्ड चालायलाच हवा. सात दिवस न वापरलेला कॅशे पुसला जातो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा दिवस टेस्टमध्ये गेला. टेस्ट चालवणाऱ्या जेस्टमध्ये २८व्या आवृत्तीपासून शार्डची (टेस्ट फाइल वाटून एकाच वेळी चालवायची) सोय आहे, म्हणून चार भाग केले. तीन भाग पटकन संपले, चौथा दहा मिनिटं रेंगाळला. पेमेंटच्या सगळ्या टेस्ट एकाच अवाढव्य फाइलमध्ये होत्या आणि शार्ड फाइलच्या आत वाटणी करत नाही. ती फाइल तोडली, तर शेजारच्या टेस्टर ताई म्हणाल्या, "दादा, ही टेस्ट एकटी चालवली की पडते." आधीच्या टेस्टने डेटाबेसमध्ये टाकलेल्या ग्राहकावर ती उभी होती. तिला तिचा स्वतःचा डेटा दिला, तेव्हा कुठे हिरवी झाली. वाटणी करण्याआधी टेस्ट उलटसुलट क्रमाने चालवून बघा, माझे दोन तास यातच गेले.

नुसती कागदपत्रं बदलली तर टेस्ट नकोत, म्हणून वर्कफ्लोला पाथ फिल्टर (ठरावीक फाइल बदलल्या तरच चालायची अट) लावावासा वाटेल. पण त्या टेस्टचा चेक मर्जसाठी अनिवार्य असेल तर वर्कफ्लो वगळल्यावर चेक पेंडिंगच राहतो आणि मर्ज अडून बसतं. अट वर्कफ्लोऐवजी त्यातल्या जॉबला लावा, वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.