आर्लच्या घाटावरचे सप्तर्षी

फ्रान्समधल्या ल्योंपासून आर्लपर्यंत रोन नदीतून जाणाऱ्या आमच्या क्रूझच्या माहितीपत्रकावर व्हॅन गॉगचे एक चित्र होते आणि त्याखाली ‘चित्रकाराच्या पाऊलखुणांवरून’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. वास्तविक व्हॅन गॉग आर्लला नदीमार्गे आलाच नव्हता. 20 फेब्रुवारी 1888 रोजी तो पॅरिसहून आगगाडीने आला आणि ज्या दक्षिणेतल्या उन्हासाठी एवढा लांबचा प्रवास केला, तिथे उतरल्यावर त्याला चहूकडे बर्फ साचलेले दिसले. हे मला निघण्यापूर्वीच ठाऊक होते, तरीही मी पैसे भरले आणि ताईलाही भरायला लावले, ही कबुली आधीच दिलेली बरी.

पहिले चार दिवस खाण्यात आणि डुलक्या घेण्यात गेले. त्यांतले बोलेनचे लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजाला खाली-वर नेणारे बंदिस्त कुंड, तेवढे लक्षात राहिले. ल्योंपासून समुद्रापर्यंत रोनवर अशी बारा लॉक्स आहेत आणि त्यांतले हे सर्वांत खोल. जहाज आत शिरले, मागचे दार मिटले, पाणी सोडले गेले आणि आम्ही सुमारे 23 मीटर खाली उतरलो. खोलीच्या खिडकीतून हातभर अंतरावर शेवाळलेली ओली भिंत वर वर सरकताना दिसत होती. विहिरीत सोडलेल्या बादलीला आत बसल्यावर काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी समजले.

आव्हिन्योंच्या आसपास मिस्त्राल सुटला. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून घोंघावत येणारा हा वारा इतका जोरकस असतो की व्हॅन गॉगला आपली चित्रफळी खुंट्या ठोकून जमिनीला बांधावी लागत असे. आमच्यावर त्याचा परिणाम एवढाच झाला की वरचा डेक बंद झाला आणि सर्व प्रवासी खालच्या दालनात कोंडले गेले, जिथे एक गृहस्थ दिवसभर पियानो वाजवत होते आणि थांबत नव्हते.

आर्लला पोहोचल्यावर माझी खरी चिडचिड झाली. नदीकडची, छोटा सज्जा असलेली खोली मिळावी म्हणून मी जास्तीचे पैसे मोजले होते. परंतु घाटावर जागा अपुरी असली की जहाजे एकमेकांना खेटून बांधतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. तासाभरात आमच्या शेजारी दुसरे जहाज येऊन लागले आणि माझ्या सज्जासमोर रोनऐवजी एका अनोळखी दांपत्याची खोली आली. त्यांनी पडदा ओढला, आम्हीही ओढला आणि पुढचे दोन दिवस तो उघडला नाही. ज्या खिडकीसाठी मी ताईशी हुज्जत घातली होती, तिच्याकडे ताई अधूनमधून पाहत असे आणि काही न बोलता हसत असे.

दुसऱ्या दिवशी गाइडबरोबर गावात फिरलो. व्हॅन गॉगने 1 मे 1888 पासून महिना 15 फ्रँक भाड्याने घेतलेले पिवळे घर आता नाही. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. त्याच्या मागची उंच इमारत मात्र चित्रातल्यासारखी अजून उभी आहे आणि प्लास लामार्तिन या चौकाच्या रहदारीत उभे राहून तिच्या पुढ्यातले घर मनाने बसवून घ्यावे लागते. लांगल्वा पूल म्हणून जो दाखवतात, तो त्याने रंगवलेला पूल नव्हे, दुसरीकडून आणून बसवलेला त्याच घडणीचा पूल आहे. ज्या कॅफेचे रात्रीचे दृश्य त्याने रंगवले, त्या कॅफेची दर्शनी भिंत चित्रासारखी दिसावी म्हणून पुढे पिवळी केली गेली. चित्रातला पिवळा रंग हा गॅसच्या दिव्याच्या उजेडाचा होता. कान कापून घेतल्यावर त्याला ज्या रुग्णालयात ठेवले होते, त्याच्या चौकातली बाग आज त्याच्या चित्राबरहुकूम लावलेली आहे. या गावात त्याने अवघ्या पंधरा महिन्यांत सुमारे दोनशे तैलचित्रे काढली, आणि आता गावच त्या चित्रांकडे पाहून स्वतःला सजवते आहे. सगळे सुंदर होते, पण तिसऱ्या फलकापर्यंत मी थकले होते. चित्र पाहायचे, मग जागा पाहायची, मग मान डोलवायची, हा क्रम मला शाळेतल्या ‘जोड्या लावा’ या प्रश्नासारखा वाटू लागला.

एक जोडी मात्र मला मनापासून लावायची होती. सप्टेंबर 1888 च्या अखेरीस व्हॅन गॉगने रोनच्या काठावर, रात्री, गॅसच्या दिव्याखाली उभे राहून तारांकित आकाशाचे एक चित्र काढले. ते आता पॅरिसच्या म्युझे दोर्से या संग्रहालयात आहे. निळ्या आकाशात ठसठशीत सप्तर्षी, नदीच्या वळणावर गावाचे दिवे, पाण्यात उतरलेल्या त्यांच्या लांब सोनेरी रेघा आणि पुढे काठावर एक जोडपे. जिथे तो उभा राहिला, ती जागा त्याच्या घरापासून चालत दोन मिनिटांवर होती आणि आमचे जहाज जवळपास तिथेच बांधलेले होते. आम्हीही सप्टेंबरच्या अखेरीसच आलो होतो. मिस्त्रालने आभाळ झाडून लख्ख केले होते. त्यामुळे गोड पदार्थ येण्याआधीच मी जेवणाच्या टेबलावरून उठले आणि ताईला ओढत बाहेर नेले.

घाटाच्या भिंतीपाशी उभे राहताच मला पाण्यात त्याच सोनेरी रेघा दिसल्या आणि मी भारावून काहीतरी बोललेही. ताई म्हणाली, “अगं, हे आपल्याच जहाजाचे दिवे आहेत.” खरोखरच तसे होते. दोन जहाजे मिळून निम्मी नदी उजळून टाकत होती आणि आतून पियानो ऐकू येत होता. आम्ही जहाजे मागे टाकून प्रवाहाच्या दिशेने बरेच अंतर चालत गेलो. तिथे थोडा अंधार होता, समोर नदी वळत होती, पलीकडच्या काठावरच्या त्रेंकताय वस्तीचे दिवे लुकलुकत होते, डावीकडे सेंट त्रोफिम चर्चचा मनोरा ओळखू आला. फोनवरच्या चित्राशी सगळे जुळत होते. जुळत नव्हते ते सप्तर्षी. नैर्ऋत्येच्या त्या आकाशात तारे होते, पण ते सात नव्हते. मी फोन वर धरला, खाली धरला, तिरका केला, वेळ चुकली असेल असे म्हणाले, ऋतूला दोष दिला, शेवटी गावातल्या विजेच्या दिव्यांना दिला.

तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने ताईची शाल उडाली. ती नीट गुंडाळून घेण्यासाठी ताई वाऱ्याकडे तोंड करून वळली आणि तशीच थांबली. “तुझे सप्तर्षी इथे आहेत,” ती म्हणाली. माझ्या उजव्या खांद्यामागे, उत्तरेच्या बाजूला, नदीवर बऱ्यापैकी खाली, सातही तारे स्वच्छ दिसत होते. लहानपणी उत्तर दिशा शोधण्यासाठी त्यांचाच आधार घ्यायला हिनेच मला शिकवले होते. ते दक्षिणेकडे दिसणे शक्य नाही, हे मला अर्धा तास सुचले नव्हते.

म्हणजे त्या माणसाने समोरची नदी रंगवली आणि पाठीमागचे आकाश उचलून तिच्यावर आणून ठेवले. पाण्याचा गडद निळा, गॅसच्या दिव्यांचा पिवळा, खाली हिरवट होत जाणारे प्रतिबिंब, हे सारे त्याने आपल्या भावाला, थिओला, पत्रातून रंगासकट कळवले होते. रात्री उघड्यावर उभा राहून प्रत्यक्ष पाहून काढतो आहे, याचा त्याला अभिमान होता. आणि तरीही तो मधूनमधून मान वळवत असणार. मी दिवसभर ज्या गावात पूल खरा की खोटा, भिंत जुनी की नवी, असे तपासत फिरले होते, तिथे सर्वांत मोठा फेरफार त्याने स्वतःच करून ठेवला होता.

ताईने फोन माझ्या हातातून काढून पर्समध्ये टाकला. मग आम्ही काही वेळ नदीकडे आणि काही वेळ पाठीमागे, असे आळीपाळीने पाहत राहिलो. मागे वळले की मिस्त्राल थेट तोंडावर येई आणि डोळ्यांतून पाणी काढी, त्यामुळे सप्तर्षी फार वेळ पाहता येत नसत. जहाजावर परतलो तेव्हा पियानो थांबला होता आणि गोड पदार्थ संपला होता.