वाव्रच्या दफनभूमीतील एक ओळ

माझी आत्या व्रतस्थ सिस्टर होती. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ती वसईला आमच्या घरी आठवडाभर राहायला येत असे, आणि संध्याकाळची प्रार्थना आटोपली की आम्हा भाचरांना अंगणात बसवून 'दोमिनिक' हे फ्रेंच गाणे शिकवत असे. शब्दांचा अर्थ तिलाही पुरता ठाऊक नव्हता. संत डॉमिनिक पायी फिरत, गरिबीत राहत, गात आणि देवाविषयीच बोलत, एवढेच ती सांगे. वसईच्या किल्ल्यात डॉमिनिकन मठाच्या ज्या भग्न भिंती उभ्या आहेत, त्या याच संताच्या अनुयायांनी बांधलेल्या, हेही तिच्याच तोंडून ऐकलेले. हे गाणे कुणाचे, असे मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "एका सिस्टरचं." मग जरा थांबून, "फार सोसलं गं बिचारीने." पुढे काही बोलली नाही.

आत्या गेल्यानंतर काही वर्षांनी कामानिमित्त माझे ब्रुसेल्सला जाणे झाले. काम संपल्यावर हाती तीन दिवस उरले होते आणि ते तीनही दिवस मी त्या सिस्टरच्या वाटेवर घालवले.

तिचे जन्मनाव झान-पॉल मारी डेकर्स. जवळची माणसे तिला झानीन म्हणत. १७ ऑक्टोबर १९३३ रोजी ब्रुसेल्सच्या लाकेन भागात तिचा जन्म झाला. आईवडिलांचे केक-पेस्ट्रीचे दुकान होते. लाकेन म्हटले की प्रवासी अटोमियम या चकाकत्या गोळ्यांच्या भव्य वास्तूपाशी जातात; मीही त्याच बाजूने गेले, पण नंतर निवासी गल्ल्यांतून उगाच फिरत राहिले. एका कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजलेल्या लोण्याचा वास येत होता. काचेआडची बाई फळांच्या टार्टवर ब्रशने साखरेचा पाक लावत होती, प्रत्येक स्ट्रॉबेरीवर वेगळा, घाई न करता. अशाच एखाद्या दुकानात वाढलेली, गर्ल गाइडच्या मेळाव्यांत वाजवण्यासाठी गिटार विकत घेणारी आणि मुलांना शिल्पकला शिकवणारी तरुणी मला तिथे दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी वॉटर्लू. १८ जून १८१५ च्या लढाईची आठवण म्हणून रचलेल्या मातीच्या उंच टेकाडाच्या २२६ पायऱ्या चढून मी सिंहाच्या पुतळ्यापाशी पोहोचले. सभोवतीची माणसे नेपोलियनची फौज कुठे होती हे एकमेकांना दाखवत होती. मी मात्र फिशेरमाँची दिशा विचारत होते, कारण तिथल्या डॉमिनिकन मिशनरी भगिनींच्या मठात १९५९ साली झानीनने प्रवेश घेतला आणि ती सिस्टर ल्युक-गाब्रिएल झाली. गिटारही तिच्याबरोबर मठात आली. तिचे नाव तिने 'सिस्टर अदेल' ठेवले होते. वाद्याला बहीण मानणारी ही मुलगी मठातल्या जीवनात मनापासून रमली असणार, असे मला वाटते.

तिची गाणी सगळ्यांना इतकी आवडली की मठात येणाऱ्या पाहुण्यांना आणि ध्यानसाधनेसाठी येणाऱ्या मुलींना विकत घेता यावीत म्हणून त्यांची तबकडी काढावी, असे वरिष्ठांनीच सुचवले. १९६१ साली फिलिप्स कंपनीच्या ब्रुसेल्समधील स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. तबकडीवर तिचे खरे नाव नव्हते; 'स्यर सुरीर' म्हणजे 'हसरी सिस्टर' या नावाने ती जगापुढे आली. डिसेंबर १९६३ मध्ये 'दोमिनिक' अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. अध्यक्ष केनेडींच्या हत्येला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता, आणि शोकात बुडालेल्या त्या देशाला गिटारवर गाणाऱ्या एका सिस्टरचा निर्मळ आवाज आपलासा वाटला. तिची लाँगप्ले तबकडीही पहिल्या क्रमांकावर गेली. एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे चित्रीकरण थेट मठात झाले आणि ५ जानेवारी १९६४ रोजी ते अमेरिकेत घरोघरी पाहिले गेले. त्याच वर्षी तिला ग्रॅमीही मिळाला.

त्या टेकाडावर वाऱ्यात उभी असताना मला आत्याचे व्रत आठवत होते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन शपथा घेतलेल्या स्त्रीला स्वतःच्या नावावर एक पैसाही ठेवता येत नाही. आत्या शिक्षिका होती, पण तिच्या पगाराचा पैसा तिच्या हाती कधी आला नाही, आणि तिला त्याचे दुःखही नव्हते, कारण आजारपणात तिला सांभाळणारा मठ तिच्या मागे होता. झानीनच्या बाबतीत उत्पन्नाचा मोठा वाटा कंपनीने आणि निर्मात्याने घेतला, उरलेला थेट तिच्या धर्मभगिनींच्या संघाकडे गेला. संघाला मिळालेली रक्कम किमान एक लाख डॉलर होती. व्रताप्रमाणे हे योग्यच होते. परंतु व्रत सुटल्यावर या साऱ्याचे काय, हा प्रश्न त्या वेळी कुणालाही पडला नाही, आणि माझ्या मते तिच्या पुढच्या साऱ्या दुःखाचे मूळ तिथेच आहे.

मठाने तिला ल्यूवेनच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला पाठवले होते. तिथे आनी पेशेर या जुन्या मैत्रिणीशी पुन्हा गाठ पडली. १९६६ साली झानीन मठाबाहेर आली. आपण स्वखुशीने बाहेर पडलो नाही, वरिष्ठांशी पटेना म्हणून आपल्याला जावे लागले, असे ती नंतर सांगत असे. त्याच वर्षी हॉलिवूडने डेबी रेनल्ड्सला घेऊन तिच्या जीवनावर चित्रपट काढला. तो कल्पित आहे असे म्हणून तिने तो नाकारला. श्रद्धा मात्र तिने कधी सोडली नाही. आनीबरोबर एका घरात राहून ती प्रार्थनेचे साधे जीवन जगत राहिली.

तिला गायचे होते, पण 'स्यर सुरीर' हे नाव तिला वापरू दिले गेले नाही. मग ती 'ल्युक दोमिनिक' झाली. या नावाने १९६७ साली तिने गर्भनिरोधक गोळीबद्दल देवाचे आभार मानणारे गाणे गायले. पोपनी कृत्रिम संततिनियमनाविरुद्धचे परिपत्रक काढले ते जुलै १९६८ मध्ये. म्हणजे हा वाद चर्चमध्ये ऐन भरात असताना तिने आपले मत गाण्यातून उघड मांडले होते. चर्चच्या वरिष्ठांच्या हस्तक्षेपाने माँट्रियलमधला तिचा एक कार्यक्रम रद्द झाला. तबकड्याही फारशा खपल्या नाहीत, कारण लोकांना झगा घातलेली, हसरी सिस्टर हवी होती. विचार करणारी बाई नको होती.

तिसऱ्या दिवशी ल्यूवेनहून गाडीने मी वाव्रला उतरले. दील नदीकाठचे हे लहानसे गाव. नगरपालिकेची इमारत पूर्वी कार्मेलाइट मठ होती, आणि तिच्यासमोर भिंतीवर चढणाऱ्या एका खट्याळ मुलाचा कांस्य पुतळा आहे. त्याला 'माका' म्हणतात. त्याच्या पार्श्वभागाला हात लावला की नशीब उजळते अशी समजूत असल्यामुळे तेवढाच भाग पिवळाधमक चकाकतो, बाकी अंग काळपट. एक आजी नातवाला उचलून त्याचा हात तिथे लावत होत्या. मी त्यांना दफनभूमीचा रस्ता विचारला आणि कुणाची कबर पाहायची आहे तेही सांगितले. आजींनी नातवाला खाली ठेवले, माझा हात क्षणभर हातात धरला आणि मग रस्ता दाखवला.

याच वाव्रमध्ये दोघींचे घर होते. दोघींनी स्वमग्न मुलांसाठी शाळा चालवली. तीही पैशाअभावी बंद पडली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेल्जियमच्या कर खात्याने तिच्याकडे जुन्या उत्पन्नावरील सुमारे ६३ हजार डॉलरची मागणी केली. पैसा मठाला दिला, असे तिने सांगितले, पण पावत्या नव्हत्या. व्रतस्थ स्त्री आपल्याच मठाकडून पावती कशी मागणार? नाव कंपनीचे, पैसा संघाचा आणि कर तेवढा तिचा, असा हा हिशेब होता. १९८२ साली तिने 'दोमिनिक' पुन्हा एकदा, डिस्कोच्या ठेक्यावर गायले, तेही कर्ज फिटावे म्हणून. ते चालले नाही. २९ मार्च १९८५ रोजी झानीन आणि आनी या दोघींनी वाव्रमध्येच आपले जीवन संपवले. आर्थिक ओढाताण असह्य झाल्याचे त्यांनी चिठ्ठीत लिहिले होते. आपण श्रद्धा सोडलेली नाही, चर्चमध्ये प्रार्थना व्हावी आणि दोघींना एकत्र पुरावे, एवढी इच्छाही लिहून ठेवली होती. ४ एप्रिलला ती पाळली गेली.

शेरमाँ दफनभूमीत दोघींची एकच कबर आहे. दगडावर फ्रेंचमध्ये एक ओळ कोरलेली आहे: तिचा आत्मा ढगांतून उडत जाताना मी पाहिला. 'स्यर सुरीर मेली आहे' अशा अर्थाचे एक गाणे झानीनने लिहिले होते, त्यातलीच ही ओळ. मी गुडघे टेकून त्या अक्षरांवरून बोट फिरवले. खाचांत मातीचे बारीक कण अडकले होते, ते मी रुमालाने काढले. प्रार्थना सुरू केली आणि अडखळले, कारण कोणते नाव घ्यावे ते कळेना: आईबापांनी ठेवलेले, मठाने दिलेले, कंपनीने वापरलेले की तिने स्वतः नंतर घेतलेले.

नोव्हेंबरमध्ये वसईला परतले. आमच्या चर्चमध्ये त्या महिन्यात मृतांच्या नावांची यादी वेदीजवळ ठेवतात. वहीत आत्याचे नाव लिहून झाल्यावर मी त्याच्या खालच्या ओळीत दोन नावे लिहिली: झानीन, आनी.