बार्बेरियन स्काउटची परतीची वाट

सिव्हिलायझेशन ६ हा टर्नने (पाळीपाळीने) खेळायचा कॉम्प्युटर गेम नव्याने खेळणाऱ्यांची तक्रार सांगलीत असो नाहीतर साताऱ्यात, एकच असते: "पंचवीस टर्न झाले नाहीत तोवर राजधानीला बार्बनी वेढा घातला, गेम माझ्याच मागे लागलाय." बार्ब म्हणजे बार्बेरियन, कुठल्याच खेळाडूचे नसलेले लुटारू. गेम कुणाच्या मागे लागत नाही. धाड सुरू होण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो कळला की बहुतेक धाडी सुरू व्हायच्या आधीच मोडता येतात. इथे लिहितोय ते साध्या खेळाबद्दल. क्लॅन्स मोड या वेगळ्या प्रकाराचं शेवटी.

बार्बचा कॅम्प, म्हणजे तळ, उगवतो तो धुक्यात, म्हणजे त्या क्षणी कुणाची नजर नसलेल्या मोकळ्या टाइलवर (नकाशाच्या घरावर). राखणीला बहुतेक वेळा एक स्पिअरमन (भालाईत) असतो आणि जोडीला एक स्काउट (टेहळ्या). स्पिअरमन सहसा जागा सोडत नाही. स्काउट मात्र शहर शोधत हिंडतो. शहर दिसलं की त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह येतं आणि तो उलटा फिरून कॅम्पचा रस्ता धरतो. तो सुखरूप पोचला की कॅम्पमधून एकामागून एक युनिट बाहेर पडायला लागतात आणि थेट त्या शहराकडे येतात. वाटेतच मेला, तर बातमी पोचत नाही आणि ती धाड होत नाही. कॅम्प काही टर्नने दुसरा स्काउट काढतो, पण तेवढी उसंत सुरुवातीला फार मोलाची असते.

म्हणून सगळा जोर स्काउटवर लावायचा. त्याच्या मागे धावून मात्र उपयोग नाही. स्काउटची एका टर्नची चाल ३, आपल्या वॉरियरची (साध्या पायदळाची) २. सपाटीवर तो दर टर्नला एक टाइल पुढेच जाणार.

समजा राजधानीचं नाव तुम्ही 'सांगली' ठेवलंय, दक्षिणेला नदी आहे आणि कॅम्प ईशान्येला सात-आठ टाइलवर आहे. चिन्ह उमटलं तेव्हा स्काउट शहराच्या पश्चिमेला आहे. वॉरियरला पश्चिमेला पाठवलंत तर स्काउट वळसा घालून निघून जाईल. वॉरियर थेट ईशान्येला न्या, शहर आणि कॅम्प यांच्यामध्ये, आणि वाट बघा. टेकडी किंवा जंगल असेल तर त्याच्या शेजारच्या सपाट टाइलवर उभं राहा. टेकडी-जंगलात शिरायला २ चाल लागते, म्हणून सपाटीवरची मोकळी वाट तुम्ही अडवली की स्काउटला महागड्या वाटेने जावं लागतं. शिवाय वॉरियरच्या शेजारच्या टाइलवर त्याचा वचक असतो. तिथे पाऊल टाकलं की स्काउटची चाल त्या टर्नपुरती संपते. स्लिंगरचा (गोफणवाल्याचा) असा वचक नसतो, त्यामुळे अडवायला वॉरियर आणि मारायला स्लिंगर अशी जोडी लावावी. शेवटचा घाव स्लिंगरच्या हातून बसेल असं बघा, कारण स्लिंगरने एक युनिट मारलं की आर्चरी (तिरंदाजी) या शोधाचा युरेका, म्हणजे फुकटची मदत, मिळतो आणि त्या शोधाचं ४० टक्के काम तिथेच होतं.

पहिल्या बांधणीत स्काउटनंतर एक स्लिंगर घ्यावा तो यासाठीच. ३५ प्रॉडक्शनमध्ये (बांधणीच्या खर्चात) एवढं काम करणारं दुसरं युनिट नाही.

आता कॅम्प मोडण्याचं. इथे घाई नडते. वॉरियरची ताकद २०, स्पिअरमनची २५. कोड ऑफ लॉज हा सिव्हिक (सामाजिक शोध) झाल्यावर डिसिप्लिनचं धोरण-कार्ड लावलं की बार्बविरुद्ध +५ मिळतात, आणि वॉरियरला स्पिअरमनविरुद्ध वेगळे +५. झाले ३०. कागदावर छान दिसतं. पण तो स्पिअरमन दोन टर्न ठाण मांडून बसलेला असेल तर त्याला +६, टेकडीवर असेल तर आणखी +३, म्हणजे ३४. बरोबरीच्या लढतीत दोघांचंही १०० पैकी साधारण ३० नुकसान होतं; चार गुणांनी खाली असाल तर तुमचं जास्त. कुणाच्याच नसलेल्या मोकळ्या जमिनीवर थांबून टर्नला १० भरून निघतात, आपल्या हद्दीत १५, शहरात २०. म्हणजे एक फसलेला हल्ला चार-पाच टर्न खातो, आणि तेवढ्यात कॅम्पला नवं युनिट मिळतं.

स्लिंगरनेही कॅम्प फोडायला जाऊ नये. त्याचा पल्ला १, म्हणजे स्पिअरमनला चिकटूनच उभं राहावं लागतं, आणि स्वतःची बचावाची ताकद फक्त ५. एका घावात त्याचं ६५च्या आसपास जातं. आर्चर होईपर्यंत थांबा. पल्ला २, मारा २५, डिसिप्लिनचे ५ धरून ३०. सपाटीवर ठाण मांडलेल्या स्पिअरमनवर दोन आर्चरनी दोन टर्न मारा केला की बहुतेक वेळा काम होतं. मग वॉरियर कॅम्पवर चढवायचा: सोनं मिळतं आणि मिलिटरी ट्रॅडिशन या सिव्हिकचं इन्स्पिरेशन (सिव्हिकचा युरेका) मिळतं. सुमेर घेऊन खेळत असाल तर वर ट्रायबल व्हिलेजचं (नकाशावरच्या आदिवासी गावाचं) बक्षीसही मिळतं, त्यामुळे सुमेरच्या नेत्याला, गिल्गामेशला, कॅम्प दिसला की खुशाल जावं.

घोड्यांजवळचा कॅम्प सगळ्यात वाईट. तिथून घोडेस्वार आणि घोड्यावरचे तिरंदाज येतात. घोडेस्वाराला वॉरियरचा वचक अडवत नाही, म्हणून वर सांगितलेली नाकेबंदी त्यांच्यापुढे चालत नाही. इथे आपला स्पिअरमन हवा. घोडदळाविरुद्ध त्याला +१० आहेत. तो ब्राँझ वर्किंग या शोधाने मिळतो आणि त्या शोधाचा युरेका म्हणजे तीन बार्ब मारणं. म्हणून पहिले तीन बार्ब शहराच्या आडोशाने मारून घ्यावेत, मागे धावत जाऊ नये. धाड फारच मोठी असेल तर मेसनरी हा शोध घेऊन भिंत बांधा. भिंतीशिवाय शहर स्वतः मारा करू शकत नाही, हे बरेच जण विसरतात.

सेटलर (नवं शहर वसवणारा) एकटा सोडू नका. बार्ब त्याला मारत नाहीत, पकडून कॅम्पकडे नेतात. लगेच पाठलाग केला तर तो जसाच्या तसा परत मिळतो. लुटलेलं शेत बिल्डर दुरुस्त करतो आणि त्यात त्याचा चार्ज (मोजक्या कामांपैकी एक) खर्च होत नाही, तेव्हा शेतासाठी जखमी वॉरियर पणाला लावू नये.

कॅम्प मोडला तरी धुकं राहिलं तर तिथे दुसरा उगवू शकतो. अजिंक्यताऱ्यावरून जसं सातारा शहर एका नजरेत येतं, तशी टेकडी निवडून एक जुना स्काउट कायम उभा ठेवा. त्याच्या नजरेतल्या टाइलवर कॅम्प येत नाही. बार्बकडून अनुभव कमवायचा विचार मात्र सोडा. युनिट दुसऱ्या लेव्हलला पोचलं की बार्बशी लढून दर लढतीला फक्त १ गुण मिळतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या बार्बेरियन क्लॅन्स मोडमध्ये हिशेब बदलतो. कॅम्पला सोनं देऊन काही काळ गप्प बसवता येतं, त्यांची युनिट भाड्याने घेता येतात, शेजाऱ्यावर सोडता येतात. कॅम्प तसाच राहू दिला तर पुढे त्याचं सिटी-स्टेट (एका शहराचं स्वतंत्र राज्य) होतं. त्या मोडमध्ये राजधानीजवळचा कॅम्प मोडावा आणि दूरचा, शेजाऱ्याच्या सरहद्दीवरचा, राखावा.