तब्येत सुधारलेली दिसते!

दोन महिन्यांच्या रजेनंतर मी लेखाविभागात परतले, तेव्हा पहिल्याच सहकाऱ्याने "तब्येत चांगलीच सुधारलेली दिसते" असे म्हणून माझे स्वागत केले. चेहरा गोल झाला होता तो स्टेरॉइडमुळे. पण अंगावर मांस चढणे म्हणजेच तब्येत सुधारणे असे आपल्याकडे मानले जात असल्याने त्याला दोष देता येत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांना इजा करते असा ल्युपस हा आजार बाहेरून फारसा दिसत नाही आणि म्हणूनच तो कार्यालयाला वारंवार पटवून द्यावा लागतो.

या आजारात ऊन टाळावे लागते, पण कोथरूडहून बाणेरला दुचाकीवर जाताना मला कोणाला काही पटवावे लागत नाही, कारण सनकोट, हातमोजे आणि डोळे तेवढे उघडे ठेवणारा स्कार्फ हा पुण्यातील मुलींचा ठरलेलाच वेष आहे. अडचण कार्यालयात होती. माझे टेबल पश्चिमेच्या मोठ्या काचेला लागून होते, आणि काचेतून अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच, ज्यामुळे आजार उसळू शकतो. मी जागा बदलून मागितली, तेव्हा "खिडकीसाठी इथे लोक भांडतात" असे मनुष्यबळ विभागाने हसत सांगितले. डॉक्टरांचे पत्र दिल्यानंतरही आतली जागा मिळायला दीड महिना लागला.

रजेचा हिशेब तर माझ्यासारख्या हिशेबनिसालाही जमत नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. आजार उसळला की तेवढे दिवस एका फटक्यात संपतात आणि मग साठवलेल्या अर्जित रजेला हात घालावा लागतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, मात्र त्यातील २१ प्रकारांत ल्युपसचे नाव नाही. सांधे कायमचे निकामी होऊन अपंगत्व ४० टक्क्यांवर गेले, तर प्रमाणपत्राचा विचार होऊ शकतो. म्हणजे नोकरी टिकवण्यासाठी आधार हवा असतो तेव्हा तो नसतो.

मला खरी मदत झाली ती नव्या वरिष्ठ बाईंमुळे. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की कीबोर्ड चालत नाही, हे ऐकून त्यांनी सहानुभूतीचे एक वाक्यही न बोलता माझी वेळ अकराची केली आणि महिनाअखेरच्या ताळेबंदाची कामे चार दिवस आधीपासून वाटून दिली. त्या वर्षी मी आदल्या वर्षापेक्षा कमी रजा घेतली.

मुलाखतीत मी आजार सांगितला नव्हता, नोकरी कायम झाल्यावर सांगितला, आणि त्याची मला आजही खंत नाही. ल्युपससाठी घेत असलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधामुळे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करावी लागते; पूर्वी त्या दिवशी अर्जावर मी "घरगुती काम" लिहीत असे. यंदा आजाराचे नाव लिहिले आहे.